‘आणि इतर’ : मायनर लीगच्या स्वाक्षरीत छायाचित्रांवर चाललेल्या कात्रीविषयी (थ्रेड)

मंडळी, आजचा थ्रेड लांब आहे आणि तो भांडणाचा आहे. भांडण आहे ते अमेरिकेतल्या क्रीडावस्तूंच्या लिलावांत नित्य आढळणाऱ्या दोन शब्दांशी. एखाद्या जुन्या मायनर लीग बेसबॉल संघाचे, खेळाडूंनी सह्या केलेले छायाचित्र विक्रीला येते. छायाचित्रात पंधरा-वीस माणसे असतात. वर्णनात मात्र एकाचेच नाव ठळक छापलेले असते आणि त्यापुढे लिहिलेले असते : ‘आणि इतर’.

माझे म्हणणे असे की, त्या कागदाला इतिहासाचे साधन म्हणून जे काही मोल आहे ते मुख्यतः या ‘इतरां’मुळे आहे. त्यांना वजा करणारा माणूस, मग तो यादीतून करो किंवा कात्रीने, पुरावा नष्ट करीत असतो. बेसबॉलचे नियम ठाऊक नसले तरी चालेल. प्रश्न खेळाचा नाही, साधनांचा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मेजर लीग म्हणजे मोठ्या शहरांचे, मोठ्या पैशाचे बेसबॉल. त्याच्या खाली पायऱ्यापायऱ्यांनी पसरलेले लहान गावांचे व्यावसायिक बेसबॉल म्हणजे मायनर लीग. ५ सप्टेंबर १९०१ रोजी शिकागोच्या लेलँड हॉटेलात या लीगच्या अध्यक्षांनी एकत्र येऊन आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली. पुढे वर्गवारी अशी झाली की सर्वांत वर ‘ट्रिपल ए’ आणि सर्वांत खाली ‘डी’. १९४९ साली, म्हणजे भरतीच्या काळात, अशा ५९ लीग चालू होत्या आणि त्या हंगामात जवळपास ४ कोटी प्रेक्षकांनी त्यांचे सामने पाहिले. मग दूरचित्रवाणीवर घरबसल्या मेजर लीग दिसू लागली आणि गावोगावची मैदाने ओस पडत गेली. १९६३ च्या पुनर्रचनेत ‘बी’, ‘सी’ आणि ‘डी’ हे वर्गच उरले नाहीत.

या मैदानांवर खेळलेल्या बहुसंख्य मुलांना मेजर लीगचे दार कधी उघडले नाही. दोन उन्हाळे खेळायचे, बसमध्ये झोपायचे आणि मग गावी परतून दुकान नाही तर गिरणी गाठायची, असा तो क्रम. त्यांची नोंद कुठे सापडते? स्थानिक वृत्तपत्रातल्या धावफलकात. तिथे नुसते आडनाव, आणि स्तंभात मावत नसेल तर तेही मधली अक्षरे गाळून. संघात रोज नवा माणूस येई आणि जुना जाई. आजही मायनर लीगच्या आकडेवारीच्या कोशांत असे कितीतरी खेळाडू आहेत ज्यांचे पहिले नाव कुणाला माहीत नाही. ‘स्मिथ, पिचर, सहा सामने’ एवढ्यावर एका माणसाची कारकीर्द संपते.

आता त्याच संघाचे छायाचित्र समोर घ्या. गावातल्या स्टुडिओवाल्याने हंगामाच्या सुरुवातीला काढलेले. पुढची रांग बसलेली, मागची उभी, एका बाजूला व्यवस्थापक, पायाशी बॅटी सांभाळणारा पोरगा. कुणा चाहत्याने ते ड्रेसिंग रूममध्ये फिरवून घेतले आणि प्रत्येकाने आपापल्या चेहऱ्यावर, छातीवर किंवा कागदाच्या पाठीवर पूर्ण नाव लिहिले. चेहरा, नाव, हस्ताक्षर, गणवेश आणि हंगाम या पाच गोष्टी एका कागदावर एकत्र बांधणारे दुसरे साधन मायनर लीगच्या इतिहासात मला तरी ठाऊक नाही. धावफलकातल्या ‘स्मिथ’ला पहिले नाव मिळण्याची जी काही थोडी शक्यता आहे, ती इथे आहे.

संघाचे छायाचित्र म्हणजे काय, हे त्या काळच्या खेळाडूंना आजच्या व्यापाऱ्यांपेक्षा अधिक नेमके कळत होते. याचा दाखला १८८७ सालचा आहे आणि तो सुखद नाही.

त्या वर्षी न्यू यॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजच्या संघाने रॉबर्ट हिगिन्स हा तरुण कृष्णवर्णीय पिचर घेतला. संघ इंटरनॅशनल लीगमधला, म्हणजे मायनर लीगच्या वरच्या पायरीवरचा. मे महिन्यात टोरोंटोमध्ये हिगिन्स चेंडू टाकायला उभा राहिला तेव्हा त्याच्याच संघातल्या काहींनी सोपे झेल सोडले, चेंडू भलतीकडे फेकले. संघ २८-८ असा हरला. हेतू लपलेला नव्हता, तो वृत्तपत्रांनीही उघड केला. आणि मग जूनमध्ये संघाचे छायाचित्र काढायचे ठरले. डग क्रॉथर्स आणि हेन्री सायमन या दोघांनी बसायला नकार दिला. क्रॉथर्स दक्षिणेतला. माझे काळीज कापून काढलेत तरी या माणसाबरोबर एका चित्रात येणार नाही, अशा अर्थाचे त्याचे उद्गार नमूद आहेत. संघाने त्याला निलंबित केले.

इथे क्षणभर थांबा. हाच क्रॉथर्स हिगिन्सबरोबर एकाच गणवेशात, एकाच मैदानावर खेळत होता. कुरकुरत का होईना, खेळत होता. मग छायाचित्रातच असे काय होते की तिथे तो अडून बसला? सामना संध्याकाळी संपतो, छायाचित्र उरते. त्या चौकटीत सगळे एका मापाचे दिसतात, एका रांगेत असतात, आणि पन्नास वर्षांनी पाहणाराही म्हणणार की हे सोबती होते. क्रॉथर्सला नेमके हेच नको होते.

तो एकटा नव्हता. त्याच लीगमधल्या बफेलो संघात फ्रँक ग्रँट हा त्या काळचा अव्वल कृष्णवर्णीय खेळाडू होता. आधीच्या एका संघ-छायाचित्रात तो सहकाऱ्यांबरोबर दिसतो. १८८८ साली त्याच सहकाऱ्यांनी त्याच्यासोबत चित्रासाठी बसायचे नाकारले. दरम्यान १४ जुलै १८८७ रोजी इंटरनॅशनल लीगच्या संचालकांनी यापुढे कृष्णवर्णीयांशी नवे करार होऊ द्यायचे नाहीत असा ठराव बहुमताने केला होता. सिरॅक्यूजकडून खेळणारा मोझेस फ्लीटवुड वॉकर १८८९ नंतर गेला, आणि मग १९४६ पर्यंत त्या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. ग्रँटचे नाव बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आले ते २००६ साली. या सत्तावन्न वर्षांतले कुठलेही संघ-छायाचित्र हाती आले, तर त्यात कोण आहे याच्या बरोबरीने कोण नाही हेही वाचायचे असते. एक सही कापून घेतलेल्या तुकड्यात ही अनुपस्थिती कशी दिसणार? त्यासाठी अख्खी रांग लागते.

आता १९४६ कडे या, कारण बाजाराचा सगळ्यात आवडता हंगाम तोच आहे. ब्रुकलिन डॉजर्सने जॅकी रॉबिन्सनला आपल्या माँट्रियल रॉयल्स या मायनर लीग संघात ठेवले. १८ एप्रिल रोजी जर्सी सिटीच्या मैदानावर तो पहिला सामना खेळला, हंगामाअखेर त्याची फलंदाजीची सरासरी ०.३४९ होती आणि माँट्रियल विजेता ठरला. इथवर सगळ्यांना माहीत असते. त्या संघाचे स्वाक्षरीत छायाचित्र विकायला आले की बाजाराला दिसतो रॉबिन्सन ‘आणि इतर’.

हे इतर कोण, ते पाहू. व्यवस्थापक क्ले हॉपर, मिसिसिपीचा. कृष्णवर्णीय खेळाडू संघात घेण्याला त्याने आधी विरोध केला होता. हंगाम संपताना त्याने रॉबिन्सनचा हात हातात घेऊन निरोप घेतला. जॉन राइट आणि रॉय पार्टलो हे दोन कृष्णवर्णीय पिचर. राइट रॉबिन्सनबरोबरच आला, पण थोड्याच आठवड्यांत त्याला क्युबेकमधल्या त्र्वा-रिव्हिएर या खालच्या संघात धाडले. त्याच्या जागी पार्टलो आला आणि पुढे त्यालाही तिथेच पाठवले. म्हणजे चित्रात राइट आहे की पार्टलो, यावरून ते हंगामात केव्हा काढले गेले याचा अंदाज बांधता येतो. या दोघांच्या सह्यांना बाजारात रॉबिन्सनच्या सहीपुढे किंमत नाही, पण कालनिर्णय करायला बसलात तर तिथे रॉबिन्सनची सही काही उपयोगाची नाही, यांच्या लागतात.

आणि शॉर्टस्टॉपच्या जागेवर खेळणारा अल कॅम्पॅनिस. रॉबिन्सन सेकंड बेसवर, कॅम्पॅनिस त्याच्या शेजारी. मैदानावर या दोघांना सतत एकमेकांच्या हालचाली ओळखून खेळावे लागते. नव्या जागेवर रुळायला त्याने रॉबिन्सनला मदत केली. पुढे कॅम्पॅनिस डॉजर्सच्या व्यवस्थापनात फार वर चढला. एप्रिल १९८७ मध्ये, रॉबिन्सनच्या मेजर लीग पदार्पणाच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त ‘नाइटलाइन’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्याला विचारले गेले की व्यवस्थापकपदावर कृष्णवर्णीय का दिसत नाहीत. त्यांच्यात त्यासाठी लागणारे काही गुण कमी असतील, असे उत्तर त्याने दिले आणि दोन दिवसांत त्याची नोकरी गेली. १९४६ च्या एका छायाचित्रात हे दोघे एका गणवेशात उभे आहेत. अमेरिकेतल्या वर्णप्रश्नाचा इतका अवघडलेला, सरळ उत्तर न देणारा दस्तऐवज दुसरा शोधून दाखवा. कात्री लावली की उरते एक नाव, चौकटीत बसवलेले, भिंतीवर शोभणारे.

त्याच वर्षी न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआत रॉय कॅम्पॅनेला आणि डॉन न्यूकम खेळत होते. व्यवस्थापक वॉल्टर अल्स्टन. एका सामन्यात पंचांनी अल्स्टनला मैदानाबाहेर काढले तेव्हा संघाची सूत्रे त्याने कॅम्पॅनेलाकडे सोपवली. गोऱ्या खेळाडूंचा संघ, आणि हुकूम एका कृष्णवर्णीय कॅचरचा. ज्यांनी तो हुकूम मानला त्यांची नावे कुठे आहेत? ‘इतरां’त.

१९४६ चे तिसरे छायाचित्र ज्यात एकही ‘मोठे’ नाव नाही, ते स्पोकेन इंडियन्सचे. वॉशिंग्टन राज्यातला, वेस्टर्न इंटरनॅशनल लीगमधला संघ. २४ जून रोजी ब्रेमर्टनकडे जाणारी त्यांची बस स्नोक्वाल्मी खिंडीत दरीत कोसळली. नऊ खेळाडू दगावले. जॅक लोर्की हा तिसऱ्या बेसचा खेळाडू वाटेत एलेन्सबर्गला उतरला होता, कारण वरच्या संघाकडून त्याला बोलावणे आल्याचा निरोप तिथे मिळाला. तो पुढे न्यू यॉर्क जायंट्सकडून मेजर लीग खेळला आणि आयुष्यभर ‘लकी’ लोर्की म्हणवला गेला. ते टोपणनाव त्याला आवडत नसे. आता व्यापारी दृष्टीने पाहिले तर त्या संघाच्या स्वाक्षरीत चित्रावर ठळक अक्षरांत नाव कुणाचे येईल? मेजर लीगमध्ये दीर्घकाळ टिकलेल्याचे, म्हणजे लोर्कीचे. आणि इतर. ते इतर असे : मेल कोल, बॉब पॅटरसन, जॉर्ज रिस्क, ख्रिस हार्टजी, फ्रेड मार्टिनेझ, व्हिक पिसेटी, जॉर्ज लायडन, बॉब जेम्स, बॉब किनमन. कोल त्यांचा खेळाडू-व्यवस्थापक होता. पिसेटी अजून विशीतही पोचला नव्हता.

आता कात्रीचे. संग्राहकांच्या जगात ‘कट सिग्नेचर’ हा मान्यताप्राप्त प्रकार आहे. पत्र, वही, छायाचित्र यांतून सहीपुरता तुकडा कापायचा, त्याखाली पुठ्ठा लावायचा आणि प्रमाणपत्रासह विकायचा. कार्ड छापणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी असे तुकडे चक्क कार्डांत बसवून पाकिटांतून विकले आहेत. अप्पर डेक या कंपनीने १९९९ साली बेब रूथने वापरलेली बॅट विकत घेऊन तिच्या ढलप्या काढल्या आणि त्या कार्डांत चिकटवल्या, तेव्हा थोडी ओरड झाली. मग बाजार रुळला.

याच बाजाराचा ढोंगीपणा पाहा. होनस वॅग्नरचे एक प्रसिद्ध कार्ड २००७ साली २८ लाख डॉलरला विकले गेले होते. २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलावदाराने न्यायालयात कबूल केले की त्या कार्डाच्या कडा त्यानेच कापून सरळ केल्या होत्या. केवढा गहजब! कारखान्यात छापलेल्या सिगारेटच्या पाकिटातल्या कार्डाची काठावरची चिंधी कापणे हे पाप, आणि एका संघाचे कदाचित एकमेव उरलेले छायाचित्र मधोमध कापणे हे ‘सादरीकरण’. ही कुठली नीती?

यावर ठरलेली उत्तरे येतात. पहिले : वस्तू माझी, पैसे माझे. मान्य, कायदा तुमच्या बाजूने आहे. मी कायद्याबद्दल बोलत नाही. गढीच्या मालकाने आपल्याच दप्तरातली कागदपत्रे बंबात घातली तरी गुन्हा होत नसतो. इतिहासाचा विद्यार्थी मात्र त्या मालकाला जे म्हणेल तेच मी इथे म्हणतो आहे.

दुसरे उत्तर : चित्र आधीच फाटलेले, डागाळलेले होते, निदान मोठी सही तरी वाचवली. हे काही वेळा खरे असते. पाण्याने चित्राचा लगदाच झाला असेल तर माझी तक्रार नाही. पण बहुतेक ‘फाटलेली’ चित्रे एका कोपऱ्यात दुमडलेली असतात, एवढेच. दुमड हा इतिहासाला झालेला आजार नव्हे.

तिसरे उत्तर अधिक चतुर आहे : सही खरी की खोटी हे तज्ज्ञ ठरवतात, त्यासाठी सगळे चित्र कशाला? इथे मी संग्राहकाच्या स्वार्थालाच हात घालतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाने बनावट सह्यांची मोठी टोळी पकडली. प्रमाणपत्रे त्या मालालाही होती. जप्त मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलसुद्धा निघाले. आता त्या कुठल्या संघाकडून खेळत होत्या, ते टोळीलाच ठाऊक. बनावट करणारा नेहमी एका मोठ्या नावामागे जातो, कारण पैसा तिथे आहे. अठरा अनोळखी माणसांची अठरा वेगवेगळी हस्ताक्षरे, तीही परस्परांना ओलांडणारी, जागा संपत आली म्हणून आखडलेली, हे बनवणे कष्टाचे काम आहे आणि त्यात चुका होतात.

शिवाय अख्ख्या चित्रात तपासण्याजोगे कितीतरी असते. ड्रेसिंग रूममध्ये बहुधा एकच पेन हातोहात फिरते. मग चार सह्या एका शाईच्या, पाचवी वेगळ्या शाईची का, असा प्रश्न विचारता येतो. बॉलपेन अमेरिकेत दुकानात प्रथम आले ते २९ ऑक्टोबर १९४५ रोजी, न्यू यॉर्कच्या गिंबल्समध्ये. तेव्हा १९३८ च्या संघाने त्याच वर्षी बॉलपेनने सह्या केल्याचा दावा ऐकून घ्यायचेही कारण नाही. शार्पी मार्कर १९६४ चा. साधारण १९५० नंतरच्या छपाई-कागदांत उजळपणासाठी रसायने येऊ लागली, त्यामुळे अतिनील दिव्याखाली तो कागद निळसर चमकतो. १९२० चे म्हणून दिलेले चित्र तसे चमकले तर ते मूळ चित्र नाही, नंतर काढलेली प्रत आहे. आणि सह्या हाताने केलेल्या आहेत की चित्रासोबतच छापलेल्या आहेत, हे साध्या भिंगाखाली कळते : छापील सहीवर शाईचा थर नसतो, चेहऱ्यावर जे ठिपके तेच अक्षरांवर. कापलेल्या चौकोनात यातले फारसे काही तपासता येत नाही. म्हणजे कात्री लावणारा आपल्याच वस्तूचे साक्षीदार हाकलून देतो आणि मग साक्षीसाठी प्रमाणपत्र विकत घेतो.

बाजाराइतकाच माझा राग त्या विद्वानांवरही आहे, जे हा सगळा प्रकार ‘छंद’ म्हणून झटकून टाकतात. १९७१ साली कूपर्सटाउनमध्ये सोळा जणांनी मिळून अमेरिकन बेसबॉल संशोधनाची संस्था काढली. बॉब डेव्हिड्स त्यांचा अग्रणी. मायनर लीगच्या खेळाडूंची नावे, जन्मतारखा, संघ हे जे आज एका क्लिकवर मिळते, त्यातले पुष्कळसे अशाच हौशी माणसांनी जुनी वृत्तपत्रे आणि छायाचित्रे चाळून उभे केलेले आहे. विद्यापीठांनी त्यात फार घाम गाळलेला नाही.

मात्र संग्राहकांनाही मी मोकळे सोडणार नाही. कात्री न लावता नुसते कपाटात दडवून ठेवणे ही त्याच रोगाची सौम्य लक्षणे. चित्राची पाठ कुणी स्कॅन करीत नाही, आणि पाठीवरच तर स्टुडिओचा शिक्का, गावाचे नाव आणि कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेली नावे असतात. प्लास्टिकमध्ये कायमचे चिकटवून टाकणारे महाभागही आहेत. आणि १९९४ च्या बर्मिंगहॅम बॅरन्सचे चित्र घेणारे कितीजण त्यातल्या एका तरी दुसऱ्या खेळाडूचे नाव सांगतील? मायकेल जॉर्डन बास्केटबॉल सोडून एक हंगाम त्या डबल-ए संघात होता. त्याची सरासरी ०.२०२. त्याच्याहून सरस फलंदाजी करणारे सोबती त्याच चित्रात उभे आहेत. व्यवस्थापक होता टेरी फ्रँकोना, ज्याने दहा वर्षांनी बोस्टन रेड सॉक्सचा ८६ वर्षांचा दुष्काळ संपवला.

हा विषय आता अधिक निकडीचा झाला आहे, त्याचे कारण २०२१. त्या वर्षी मेजर लीगने मायनर लीगचा कारभार थेट हाती घेतला आणि संलग्न संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली. चाळीसहून अधिक गावांचे ते नाते तुटले. काही संघ दुसऱ्या लीगमध्ये टिकले, काही बंद पडले. क्लबच्या कचेऱ्या रिकाम्या होतात तेव्हा भिंतीवरची चित्रे आधी विकली जातात, आणि ती विकत घेणारा त्यात आधी काय शोधतो ते वर सांगितलेच आहे.

आपल्या वाचकांना यातले एक चित्र जवळचे वाटेल. २००८ साली पिट्सबर्ग पायरेट्सने रिंकू सिंह आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन तरुणांशी करार केला. २०१४ चा ‘मिलियन डॉलर आर्म’ हा चित्रपट त्यांच्यावरचा. २००९ मध्ये ते गल्फ कोस्ट लीगमध्ये, म्हणजे अगदी तळाच्या पायरीवर, पायरेट्सच्या संघाकडून खेळले. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉल खेळणारे ते पहिले भारतीय. दोघेही मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत. ती लीगसुद्धा २०२१ पासून त्या नावाने उरलेली नाही. त्या हंगामाचे सह्या केलेले संघ-छायाचित्र उद्या लिलावात आले, तर पायरेट्सच्या मुख्य संघात पुढे पोचलेल्या एखाद्याचे नाव ठळक येईल, आणि रिंकू व दिनेश कुठल्या दोन शब्दांत मावतील ते सांगायला नको. तेव्हा कुणाच्या हाती ते पडलेच, तर दोन्ही बाजू स्कॅन करा, डावीकडून उजवीकडे सगळी नावे लिहा, आणि त्याची प्रत इथे टाका.